मांडीवरचा ठेका

१

दुपारचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, की मी एफीला घेऊन पियानोसमोर बसायचे. हिवाळाभर हाच क्रम होता. बाहेर बर्फ, खाली गोठलेला समुद्र, नवरा अल्बर्टात तेलाच्या कामावर, आणि घरात आम्ही दोघी. आठ महिन्यांच्या पोरीशी बोलून बोलून किती बोलणार? ती ऐकते छान, पण स्वतःचं मत म्हणून काही देत नाही.

मांडीवर बाळ घेऊन पियानो वाजवायला थोडं कसब लागतं. बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, दोन्ही दंड कुंपणासारखे दोन बाजूंनी आणायचे आणि बाकावर जरा पुढे सरकून बसायचं, म्हणजे पोर कलंडली तरी पट्ट्यांवरच पडते. तिला धरायला मात्र काही उरत नाही, कारण दोन्ही हात कामात असतात. एफी पट्ट्यांवर थपडा मारायची, त्यांच्यावर लाळ गाळायची आणि कंटाळा आला की माझं मनगट चावायची. दात नव्हते म्हणून बरं.

घर बाबांचं. कॅनडाच्या पूर्व टोकाला, केप ब्रेटनच्या आमच्या किनाऱ्यावर डॅन रॉरी म्हटलं की लहान पोरसुद्धा सांगायचं, फिडलवाला डॅन रॉरी. कोळशाच्या खाणीत उजवा पाय चिरडला, त्यानंतर फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, हेच त्यांचं काम झालं. मागच्या पानगळीत ते गेले. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांना साथ करत आले होते. आमच्याकडे फिडलवाला चाल वाजवतो आणि पियानोवाली साथ करते, डाव्या हाताने चालता ठेका आणि उजव्याने कॉर्डचे, एकत्र दाबलेल्या सुरांचे, तुकडे. अख्खी चाल अशी मला एकही वाजवता येत नाही.

पियानो भिंतीला लावलेला असतो, म्हणून साथीला बसलेल्या बाईची पाठ सगळ्या खोलीकडे असते आणि फिडलवाला तिच्या मागे खुर्चीवर बसतो. वळून बघायचं नाही, कान त्याच्या पायाकडे ठेवायचा. गती पायावरून कळते. चाल बदलायची झाली की तो टाच जरा जोरात आपटतो. आणि फिडलवाला थांबल्याशिवाय पियानोवालीने थांबायचं नाही. एका लग्नात मला भर तापात बाबांनी तासभर वाजवायला लावलं होतं, आणि नंतर कोणीतरी रागावलं तेव्हा म्हणाले, "मग? साथ सोडून गेली असती तर तिला बरं वाटलं असतं का?"

तर त्या हिवाळ्यात मी फिडलशिवायची साथ वाजवत बसायचे. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई भिंतीशी भांडतेय.

त्या दिवशी वाजवता वाजवता स्वयंपाकघराच्या दाराची कडी उचलल्याचा आवाज आला. पायाला गार वारा लागला. आमच्याकडे कोणी दार वाजवत नाही. दार वाजवतो तो परका, नाहीतर सरकारी माणूस. आपला माणूस सरळ आत येतो, आणि घरातली बाई असेल तिथून ओरडते. मीही मान न वळवता ओरडले, "या, या! बसा, एवढं संपवते."

संपवून वळले तर कोणीच नव्हतं. दार लागलेलं होतं. फरशीवर बर्फाचं पाणीही नव्हतं.

२

टेनाआत्या शेत ओलांडून पलीकडे राहते. मला वाटलं, तीच डोकावून गेली असणार. संध्याकाळी फोन केला.

"आलीस आणि न बसताच गेलीस?"

"मी? या बर्फात? मला काय दुसरं कंबरडं मिळणार आहे?"

"मग दार कोणी उघडलं?"

"वाऱ्याने. तुझ्या बापाला वीस वेळा सांगितलं होतं ती कडी बदल म्हणून. तो बदलतोय! आता तू बदल."

कडी सैल होती हे खरंच. मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी बसलो तेव्हा एफीने पट्ट्यांना हात लावला नाही. दोन्ही हात पोटाशी घेऊन बसली, चर्चमध्ये म्हाताऱ्या बसतात तशी. मला वाटलं झोपली. मग मांडीवर काहीतरी जाणवलं. तिच्या टाचा. एक डाव्या मांडीवर, एक उजव्या मांडीवर, आलटून पालटून. बाळं पाय झाडतात तसं ते नव्हतं. ठेका होता, अगदी नीट, मध्ये कुठे चुकत नव्हता.

मला इतका आनंद झाला की वाजवता वाजवता मी तिच्या टकलाचे मुके घेतले. रात्री अल्बर्टाहून लॉकीचा फोन आला तेव्हा आधी तेच सांगितलं.

"आता पुढच्या महिन्यात मला साथ करायला बसवेल," मी म्हणाले.

"तिला म्हणावं, बापासारखी बेसूर होऊ नकोस. बाकी काहीही हो."

"लॉकी, खरंच ठेका धरते रे."

"अगं धरेल ना. आजोबा कोण आहेत तिचे? मी घरी आल्यावर मला दाखव. नाहीतर असं कर, तिच्या पायात बूट घाल आणि टेबलावर उभी कर, चार पैसे तरी मिळतील."

तो हसला, मीही हसले. त्या रात्री मला झोप छान लागली.

३

गती माझी नव्हती, हे मला दोन-चार दिवसांनी कळलं.

मी संथ सुरू करायचे. टाचा आधी माझ्याबरोबर चालायच्या, मग किंचित पुढे जायच्या. मी त्यांच्यामागे जायचे. कोणी सांगावं लागत नाही, सगळा जन्म तेच केलेलं. मग एका फेरीच्या शेवटी उजवी टाच मांडीवर जोरात बसली आणि माझे हात दुसऱ्या सुरावर गेले. मी ठरवलं नव्हतं. हात आधी गेले, अक्कल मागून आली. नव्या सुरावर पहिला कॉर्ड पडला आणि तो बरोबर होता. कशाशी बरोबर, ते विचारू नका. चाल ऐकू येत नव्हती. पण ती जिथे असायला हवी तिथे जागा होती, आणि माझे कॉर्ड त्या जागेच्या कडेकडेने नीट बसत होते.

मी रडायला लागले. बाबा, दुसरं कोण? माझ्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. मांडीवर पोर, डोळ्यांतून पाणी, आणि हात चाललेले. संपल्यावरही मी वळले नाही. वळले तर जातील असं वाटलं.

आणि मग मी एक गोष्ट केली. बाबांची खुर्ची, सरळ पाठीची, बिनहाताची, आत्याने अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती. ती मी परत आणली आणि बाकाच्या मागे, उजव्या बाजूला, तिच्या जागी ठेवली. शेजारच्या तिपाईवर चहाचा कप ठेवला. फिडलवाल्याला चहाशिवाय बसवायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, होऊन जाऊ दे एखादी."

झाली. एकामागून एक झाल्या. त्या दिवशीपासून खुर्ची कुरकुरायला लागली. बाबा वाजवताना डुलायचे तेव्हा ती अशीच कुरकुरायची. चहा मात्र जसाच्या तसा राहायचा, गार होऊन वर साय धरायचा.

एक गोष्ट तेव्हाही मला खटकली होती. वाजवायला लागलं की एफी हलकी लागायची. बसताना ती नेहमीसारखी असायची, भरलेली, उबदार, जरा वेळाने मांड्या अवघडतील अशी. चाल जलद झाली की ते ओझं कमी व्हायचं. टाचा मांडीवर पडत असायच्या, पण त्यांच्या वरचं बाळ कोणीतरी काखेत हात घालून थोडं उचलून धरल्यासारखं. मी स्वतःला सांगितलं, पाय बधिर होत असतील. लसीसाठी गेलो तेव्हा नर्सला मुद्दाम वजन बघायला लावलं.

"उत्तम आहे," ती म्हणाली. "काय घालताय हिला, लोणी?"

मी खूश होऊन घरी आले. वजनकाट्याने सांगितल्यावर आणखी काय हवं?

४

रस्ते मोकळे झाले तशी टेनाआत्या आली. काकवीची बिस्किटं घेऊन आली, आणि आल्या आल्या पसारा बघून बोलायला लागली.

"हे काय, खुर्ची इथे कशाला? चहा कोणासाठी ओतलायस?"

"बस तर खरी. सांगते."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, बाबांची सख्खी बहीण. ती ऐकत राहिली. एफी तिच्या मांडीवर बिस्किट चिवडत होती आणि तिचे पाय नुसते लोंबत होते.

"तिला घेऊन वाजव बघू," आत्या म्हणाली.

"तू इथे असताना नको. लाजतील बाबा."

"मेला लाजतोय! बरं, पाय कसा चालतो ते तरी दाखव."

मी खुर्चीवर बसून जमिनीवर टाचा टेकवल्या आणि दाखवलं. डावी, उजवी, डावी, उजवी, आणि फेरीच्या शेवटी उजवी जोरात.

आत्याचा चेहरा बदलला. तिने कप खाली ठेवला.

"पुन्हा दाखव."

मी पुन्हा दाखवलं.

"मार्सी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाने उजवा पाय कधी टेकवला होता का गं ठेक्याला?"

माझी उजवी टाच अजून वरच होती.

बाबांचा उजवा पाय ठेका देत नसे. कसा देणार? त्या बुटात अर्धाच पाय असायचा, बाकी लोकर कोंबलेली. बाबा डाव्या पायाने वाजवायचे, एकाच पायाने, आणि मी त्याच एका पायाच्या आवाजावर वाढले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आणि इतके दिवस दोन पायांचा ठेका मांडीवर घेऊन मी बाबा बाबा करत बसले होते. मला ते हवे होते, इतके हवे होते, की माझे कान मीच बंद करून घेतले. हे कळल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. ती मग गेलीच नाही.

"मग कोण आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

"आत्या, तुला माहीत असेल तर सांग."

"माहीत असतं तर सांगितलं नसतं का, कार्टे? तू कोणाला आत बोलावलंस का? नीट आठव."

मला कडीचा आवाज आठवत होता. आणि माझा आवाज, तोंडभरून, या, या, बसा.

आत्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि उठली. पियानोचं झाकण लावलं. खुर्ची उचलली तेव्हा ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. एवढीशी खुर्ची. ती आम्ही दोघींनी मिळून तळघरात नेली आणि वरून दाराला कडी घातली.

"पियानो बंद," ती म्हणाली. "आणि पोरीला घेऊन तर बसायचंच नाही. लॉकी कधी येतोय?"

"पुढच्या शुक्रवारी."

"तोवर माझ्याकडे ये राहायला."

मी नको म्हणाले. आत्याच्या घरात एकच खोली गरम असते आणि तिच्यात ती रेडिओ लावून झोपते. शिवाय स्वतःच्या घरातून पळायचं म्हणजे ते खरं आहे असं कबूल करणं झालं. दिवसाउजेडी, चूल पेटलेली असताना, मला तितकं कबूल करायचं नव्हतं.

५

झाकण लावल्यावर एफी रडायला लागली.

सकाळी ठीक असायची. दुपारी जेवण झालं, मी भांडी घासायला घेतली, की सुरू. साधं रडणं नव्हतं ते, जीव चालल्यासारखं. दूध नको, खेळणं नको, कडेवर नको. तोंड सारखं पुढच्या खोलीकडे. उंच खुर्चीत बसवलं की टाचा पायपट्टीवर आपटायची, डावी, उजवी. मी तिचे पाय हातात धरून बसायचे. हातात धरलेल्या पायांमध्येही तो ठेका लागायचा, आत कुठेतरी.

दात येत असतील, मी म्हणायचे. हिरड्या खरंच सुजल्या होत्या. बाळांना दिनक्रम मोडला की आवडत नाही, हेही खरं होतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. आणि तरी मी संध्याकाळ झाली की पुढच्या खोलीचं दार लावून त्याला कपाट सरकवायचे.

शुक्रवारी वादळ आलं. विमानं बंद. लॉकी वाटेत हॅलिफॅक्सला अडकला. दुपारी वीज गेली, फोन गेला. बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा अंधार खिडकीला येऊन टेकलेला. आणि एफी रडत होती. तिचा आवाज बसला होता, ओठ निळसर झाले होते, रडता रडता श्वास अडकत होता. मी तिला घेऊन घरभर फिरले. अंगाई म्हटली, पाठीवर थोपटलं, शेवटी मीच रडायला लागले. तीन दिवस धड झोपले नव्हते.

एकच चाल, मी म्हणाले. खुर्ची तळघरात आहे. दाराला कडी आहे. संथ वाजवायची, मांडीवर गप्प झाली की झाकण लावायचं. कुठल्याही थकलेल्या आईने हेच केलं असतं, असं मी आजही म्हणते.

कपाट सरकवलं. झाकण उघडलं. एफी त्या क्षणी गप्प झाली, हुंदक्याच्या मधोमध.

मी शोकगीताच्या संथ चालीची साथ घेतली, त्या चालीला ठेकाच नसतो. थोडा वेळ काही झालं नाही. पट्ट्या बर्फासारख्या गार होत्या. एफीची पाठ पोटाला टेकलेली, गरम. मग डावी टाच. मग उजवी. मी संथच राहायचं ठरवलं. टाचांनी मला दोन फेऱ्या संथ राहू दिलं आणि मग पुढे निघाल्या, आणि माझे हात त्यांच्यामागे गेले. मी हातांना नको म्हणत होते. हातांनी ऐकलं नाही. ते बाबांचं ऐकायला शिकले होते, माझं नाही.

मागे खुर्ची कुरकुरली.

वाऱ्याने घर कुरकुरतं, मी म्हणाले. जुनं घर आहे. कुरकुर ठेक्यावर होती.

चाल बदलली. आणखी जलद. पायांना गार हवा लागत होती. एफी अंग वळवायला लागली. मांडीवर ती नेहमी पट्ट्यांकडे तोंड करून बसायची. आता तिने मान मागे टाकली, माझ्या दंडावरून वर पाहिलं, माझ्या खांद्याच्या मागे, जरा उंच. आणि हसली. बाप दारात दिसला की हसायची तसं, सगळ्या तोंडाने.

मग तिने दोन्ही हात वर केले.

ज्यांनी बाळ वाढवलंय त्यांना हे हात माहीत आहेत. मला उचल. त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

मांडीवरचं ओझं कमी झालं. नेहमीसारखं थोडं नाही. मला तिची पाठ पोटाला लागेना. टाचा अजून मांडीवर पडत होत्या, पण वरच्या वर, बोटाने टिचकी मारावी तशा. आणि माझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. तिला धरायचं तर हात उचलायला हवे होते. हात उचलायचे तर थांबायला हवं होतं. आणि मागचा थांबला नव्हता.

हे लिहून दाखवायला सोपं वाटतं. आई आहेस ना, मग धर पोरीला! पण हात येत नव्हते. गती अशी होती की त्या गतीत माणूस थांबत नाही, घसरणीवर पळणाऱ्याला थांबता येत नाही तसं. टिचकी. टिचकी. मग एक टाच पडलीच नाही.

मी किंचाळले. काय किंचाळले आठवत नाही, पण बाबांना हाक मारली हे नक्की. आणि त्या किंचाळण्यात एका फेरीच्या मध्येच, चाल अर्धी असताना, माझे हात सुटले. जन्मात पहिल्यांदा मी फिडलवाल्याच्या आधी थांबले. हात हवेत नेले आणि जिथे एफी असायला हवी त्याच्या किती वर ती सापडली ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. दोन्ही हातांनी तिला छातीशी ओढलं. आधी ओढावं लागलं. मग एकदम सगळं वजन माझ्याकडे आलं, भरलेली बादली हातात पडावी तसं.

खोलीत आवाज उरला नाही. वारासुद्धा मला ऐकू येईना.

मी वळले नाही. एफीचं डोकं हनुवटीखाली दाबून मान खाली घातली. बाकाच्या कडेने, माझ्या कोपराच्या खालून, जमीन दिसत होती. तिथे एक बूट होता. काळा, चकचकीत, बारीक नाडीचा, नाचाला जाताना घालतात तसा. उजव्या पायाचा. त्याचा चवडा जमिनीवर टेकलेला होता आणि टाच उचललेली होती. उचललेलीच होती, हलत नव्हती. पुढच्या मात्रेची वाट बघत.

बुटाच्या वर मी पाहिलं नाही.

६

मी कोटाशिवाय, बुटांशिवाय, वादळातून शेत ओलांडून आत्याकडे गेले. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं त्यात गोठून कायमची गेली. आत्याने दार उघडलं तेव्हा माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे पाहिलं. मग मला आत ओढलं, आणि जन्मात कधी कुलूप न लावलेल्या त्या दाराला टेबल लोटून लावलं. तिला काय दिसलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

लॉकी रविवारी पोहोचला. त्याने सगळं ऐकून घेतलं, भांडला नाही. त्याच्या डोळ्यांत फक्त काळजी होती, आणि ती माझी होती, दुसऱ्या कशाची नाही. एकटी बाई, हिवाळा, बापाचं दुःख, झोप नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. अल्बर्टाचं काम त्याने सोडलं, बंदरावर नोकरी धरली, आणि आम्ही शहरात भाड्याचं घर घेतलं. बाबांचं घर बंद केलं. पियानो आत राहिला.

नव्या घरात मी दाराला आतून कुलूप लावायचे, दिवसासुद्धा. येणाऱ्याने बाहेरून घंटी वाजवायची. लॉकीची आई पहिल्यांदा आली तेव्हा पाच मिनिटं बाहेर ताटकळली आणि म्हणाली, "हे काय गं, बँक उघडलीयस का?" लॉकी सगळ्यांना सांगायचा, आमची मार्सी आता शहरातली मॅडम झाली. मी हसून घ्यायचे. एफी रांगायला लागली, दात आले, माशाची वडी खायला लागली. उन्हाळाभर तिने टाच कशावर आपटली नाही. मी तिला मांडीवर घ्यायचे तेव्हा एक हात नेहमी तिच्या पोटावर ठेवायचे. एकाच हाताने जेवायची सवय लागली मला.

पण रोज दुपारी मला ती अर्धी राहिलेली फेरी आठवायची. ती कुठे सुटली, ते माझ्या हातांना पक्कं माहीत होतं.

ऑगस्टमधला रविवार होता. जेवणं झाली होती. खिडक्या उघड्या, रस्त्यावर पोरांचा खेळ चाललेला. मी सिंकशी उभी होते, दोन्ही हात साबणाच्या पाण्यात. मागे टेबलाशी लॉकी एफीला मांडीवर घेऊन बसला होता आणि पेपर चाळत होता.

"मार्सी," तो हसत म्हणाला, "अगं, तू म्हणत होतीस ते खरं गं! बघ, काय ठेका धरतेय ही!"

मला बघायची गरज नव्हती. ऐकू येत होतं. फेरीच्या मधोमध सुरू झाला होता, मी सोडला होता तिथून, पुढच्याच मात्रेवर. पाण्याखाली माझी बोटं हलायला लागली.

"आणि हलकी किती झालीय," लॉकी म्हणाला. "उन्हाळ्यात खात नाही वाटतं."

मी हात पाण्याबाहेर काढायला गेले, ते ठेका सोडेनात. कुलूप मी स्वतः लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती.

दाराची कडी उचलल्याचा आवाज आला. पायाला गार वारा लागला.

आणि लॉकीने, आमच्याकडचा कोणीही ओरडेल तसं, पेपरातून मान वर न करता, तोंडभरून हाक दिली.

"या, या! बसा!"

माझे दोन्ही हात पाण्यात होते.